मालवणात डायव्हिंग करताना सार्जंट मासा कसा पाहावा आणि त्याचा फोटो कसा काढावा

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरलं की पहिल्या काही मिनिटांतच भेटणारा मासा म्हणजे सार्जंट. लांबीला साधारण तळहाताएवढा, दोन्ही बाजूंनी चपटा, रुपेरी-पांढऱ्या अंगावर पाच उभे काळे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक. डायव्हर त्याला ‘सार्जंट मेजर’ किंवा नुसतं ‘सार्जंट’ म्हणतात. लष्करी गणवेशाच्या बाहीवरच्या पट्ट्यांवरून हे नाव पडलं. शास्त्रीय नाव अबुडेफडफ वैजिएन्सिस. क्वॉय आणि गेमार या फ्रेंच निसर्गअभ्यासकांनी 1825 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि इंडोनेशियातल्या वैगेओ बेटावरून त्याला हे नाव दिलं. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत तो सगळीकडे आढळतो. गोव्यात ग्रांदे बेटाजवळ आणि मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणीलाही तो दिसतोच.

इतका सामान्य मासा म्हणून बहुतेक जण त्याचा एखादा फोटो काढून पुढे सरकतात. नवशिक्यासाठी मात्र याच्यासारखा विषय नाही. तो साधारण 1 ते 15 मीटर खोलीत असतो, त्यामुळे शोधण्यात हवा खर्च होत नाही. माणसाला फारसा घाबरत नाही. दिवसा जागा असतो. आणि त्याच्या वागण्यात पाहण्यासारखं खूप आहे: थव्याने चरणं, आपापसातली हाणामारी, रंग बदलणं आणि नराने अंड्यांवर दिलेला पहारा. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या शेवटी त्या पहाऱ्याच्या फोटोपर्यंत नेतात, कारण तो नीट जमला म्हणजे पाण्यात स्थिर राहणं, माशाचं वागणं ओळखणं आणि वेळेवर मागे फिरणं या तिन्ही गोष्टी जमल्या असं समजायला हरकत नाही.

आधी डायव्हिंग, मग कॅमेरा

मालवण-तारकर्लीला पर्यटक जी पंधरा-वीस मिनिटांची डाईव्ह करतात, तिच्यात प्रशिक्षक तुमचा सिलिंडर धरून तुम्हाला फिरवतो. कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, काहीच तुमच्या हातात नसतं. अशा डाईव्हला कॅमेरा नेऊ नका. त्याऐवजी एकच सार्जंट निवडा आणि तो नजरेआड होईपर्यंत त्याच्यावरून डोळा हलवू नका. तेवढ्याने निरीक्षणाची सुरुवात होते.

फोटो काढायचे असतील तर ओपन वॉटर दर्जाचं प्रमाणपत्र हवं. हा कोर्स पूल, थिअरी आणि समुद्रातल्या चार डाईव्ह असा असतो आणि 18 मीटरपर्यंत जाण्याची पात्रता देतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्वतःची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे त्यासाठी अंदमानला जावं लागत नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर निदान दहा-बारा डाईव्ह कॅमेऱ्याशिवाय करा. हा आमचा आग्रह आहे, नियम नाही. पण कॅमेरा हातात आला की लक्षाचा मोठा भाग स्क्रीनवर जातो, आणि उरलेल्या लक्षात हवा, खोली, जोडीदार, प्रवाह हे सगळं सांभाळायचं असतं. ते अंगवळणी पडलेलं नसेल तर पहिली चूक तिथेच होते.

कॅमेरा घेण्याआधी स्वतःची एक परीक्षा घ्या. तळापासून एक मीटर वर, आडवं, हात छातीशी घेऊन, फिन (पायातले पोहण्याचे पंख) न हलवता एक मिनिट एका जागी थांबता येतं का? श्वास घेतल्यावर थोडं वर, सोडल्यावर थोडं खाली, एवढीच हालचाल व्हावी. येत नसेल तर बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न बुडता-न तरंगता एका खोलीवर राहणं, अजून पक्की नाही. कॅमेरा थांबू द्या.

बॉयन्सी बिघडण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे कमरेला जास्तीचं वजन. नवशिक्यांना खाली जाता यावं म्हणून बोटीवर अनेकदा एखादं-दोन किलो जास्तच बांधतात. मग ते उचलायला बीसीडीत (हवा भरायच्या जॅकेटमध्ये) जास्त हवा भरावी लागते, ती हवा खोलीप्रमाणे फुगते-आक्रसते आणि माणूस लिफ्टसारखा खालीवर होत राहतो. पाय खाली लोंबतात, फिन वाळू उडवतात आणि पाणी गढूळ होतं. वजन असं तपासा: पूर्ण पोशाखात, पृष्ठभागावर, बीसीडीतली सगळी हवा सोडा आणि साधा श्वास धरून सरळ उभे राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला हवं. ही तपासणी भरलेल्या सिलिंडरवर केली तर वर 2 किलो वाढवा. 11 लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधली हवा 200 बारवरून 50 बारवर (बार हे दाबाचं माप) आली की तो साधारण 2 किलोने हलका होतो, आणि डाईव्हच्या शेवटी, शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून, 5 मीटरवर थांबायचं असतं तेव्हाच नेमकं वजन कमी पडतं. 3 मिलिमीटर जाडीचा वेटसूट (ऊब देणारा रबरी पोशाख) असेल तर मध्यम बांध्याच्या माणसाला बहुधा 3 ते 5 किलो पुरतात, पण आकडा पाठ करण्यापेक्षा तपासणी करा.

हवेचा हिशेबही बोटीवरच मांडा. नवशिका पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला 20 ते 25 लिटर हवा घेतो. 8 मीटरवर दाब 1.8 पट, म्हणजे 36 ते 45 लिटर. 200 ते 50 बारच्या दरम्यान वापरायला मिळतात साधारण 1650 लिटर. म्हणजे हातात पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं. उतरणं, वर येणं आणि 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा वजा केल्यावर माशाजवळ खऱ्या अर्थाने पंचवीस मिनिटं उरतात. एवढ्या वेळात तीन जागा धुंडाळू नयेत. एक कातळ निवडावा.

दिवस आणि वेळ

पावसाळ्यात इथलं डायव्हिंग बंद असतं. मे अखेर बोटी वर ओढतात आणि समुद्र शांत झाल्यावर, साधारण ऑक्टोबरात, पुन्हा सुरू होतात. सुरुवातीच्या आठवड्यांत नद्यांचा गाळ अजून पाण्यात असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे फोटोसाठी सर्वात भरवशाचे महिने. तरीही लक्षद्वीपसारखं निळंशार पाणी इथे मिळत नाही. पाच-सहा मीटर दिसलं तर दिवस चांगला, आठ-दहा मीटर दिसलं तर फार चांगला. पाणी हिरवट असतं, हे गृहीत धरूनच पुढची सगळी तयारी करायची.

महिन्याहूनही तिथी महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची चढउतार मोठी असते, प्रवाह जोरात असतो आणि तळाची रेती-गाळ वर येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी कमी हलतं आणि निवळ राहतं. सुट्टी ठरवण्याआधी कालनिर्णयात तिथी पाहा, हा इथे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सल्ला आहे. त्या दिवसातही भरती पुरी होण्याच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास गाठा: बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि प्रवाह जवळजवळ थांबलेला असतो. दुपारनंतर वारा वाढतो, लाटा उठतात, म्हणून सकाळी नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. ऊन तोवर पुरेसं वर आलेलं असतं.

बोट ठरवताना दोन प्रश्न विचारा. पाण्यात पाव टाकता का? आणि आम्हाला एका जागी थांबू द्याल का? पर्यटकांच्या ठरलेल्या जागांवर सार्जंटना पाव-बिस्किटं घालण्याची पद्धत पडली आहे. शेकडो मासे हाताभोवती गर्दी करतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, किती छान मासे दिसले. पण त्यात निरीक्षण करण्यासारखं काही उरत नाही. सार्जंट खातो ते पाण्यातले सूक्ष्म प्राणी, खडकावरचं शेवाळ आणि छोटे अपृष्ठवंशी जीव. पाव हे त्याचं अन्न नाही. पाव पडताच चरणं, भांडणं, पहारा हे सगळं सोडून मासे हातांकडे धावतात आणि पाण्यात पावाचा चुरा तरंगतो, तोच पुढे फोटोत पांढरे ठिपके बनून येतो. पाव न टाकणारी बोट मिळाली नाही तर निदान त्या जागेपासून पन्नास-साठ मीटर दूरचा कातळ मागा.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झालं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, आणि त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवती. इथली कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तोल सावरायला प्रवाळ धरणं हे त्यामुळे नुसतं अडाणीपणाचं नाही, बेकायदाही आहे.

कॅमेरा कोणता

पाण्यापासून वाचवणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल घालून स्कूबाला नेऊ नका. त्या पिशव्या पोहण्यापुरत्या असतात. पाच-सहा मीटरवर दाबाने त्या मोबाईलला चिकटतात, स्क्रीन काम करत नाही आणि शिवण उसवली की मोबाईल गेला.

ॲक्शन कॅमेरा चालतो, पण त्याची नजर फार रुंद असते. पंधरा सेंटीमीटरचा मासा त्यात ठिपक्याएवढा दिसतो. फोटोपेक्षा त्यावर व्हिडिओ काढावा. नवशिक्यासाठी आमची पसंती ऑलिंपस टीजी-6 किंवा तिचीच पुढची आवृत्ती टीजी-7 या छोट्या कॅमेऱ्यांना आहे. हे कॅमेरे नुसते 15 मीटरपर्यंत चालतात, तरी स्कूबाला त्यांचं हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी बाहेरची पेटी, लावूनच न्यावं. ते 45 मीटरपर्यंतचं आहे. कॅमेऱ्याचं झाकण चुकून अर्धवट लागलं तर हाउसिंग ही दुसरी भिंत.

हाउसिंगमध्ये पाणी शिरतं ते जवळजवळ नेहमी ओ-रिंगमुळे, म्हणजे झाकणाच्या कडेच्या रबरी कड्यामुळे. एक केस, एक वाळूचा कण, टॉवेलचा एक धागा पुरतो. म्हणून हाउसिंग बोटीवर नाही, सकाळी खोलीतच बंद करा. पंखा बंद ठेवा, हात धुऊन कोरडे करा. ओ-रिंग बोटांनी दाबून काढा, टोकदार वस्तूने कधीच नाही. चिमटीतून फिरवत खडबडीत काही लागतं का ते पाहा, खाच सुती कापडाने नव्हे तर धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. रिंग चमकली पाहिजे, चिकट होता कामा नये. जास्त ग्रीस लावलं की पाणी जास्त अडतं असा गैरसमज आहे. उलट त्यावर वाळू चिकटते. आत सिलिका जेलची एक ताजी पुडी टाका. कोकणातल्या दमट हवेत हाउसिंग बंद केलं की आतली वाफ पाण्यात गेल्यावर काचेवर धरते आणि पहिली दहा मिनिटं सगळे फोटो धुक्यातले येतात. खोलीत एसी असेल तर तिथेच बंद करा, आणि बोटीवर ओल्या टॉवेलखाली ठेवा. उन्हात ठेवू नका.

कॅमेरा घेऊन पाण्यात उडी मारू नका. आधी आपण उतरा, मग बोटीवरच्या माणसाकडून घ्या. दोरी मनगटात न अडकवता बीसीडीच्या कडीला क्लिपने अडकवा, म्हणजे गरज पडली तर दोन्ही हात मोकळे. पहिल्या मीटरभर पाण्यात थांबून हाउसिंग उलटंसुलटं करून पाहा. बुडबुड्यांची सलग धार दिसली तर लगेच वर द्या.

आधी दहा मिनिटं नुसतं पाहा

खाली पोचल्यावर बोट शटरवर जाऊ देऊ नका. कातळापासून दोन-तीन मीटर दूर, त्याच्याच उंचीवर थांबा. पाण्याखाली लिहायची पांढरी पाटी आणि पेन्सिल काढा.

पहिली नोंद ओळखीची. पट्टेरी मासा म्हणजे सार्जंटच, असं नाही. आपल्याला हव्या असलेल्या सार्जंटला पाच पट्टे असतात, शेवटचा शेपटीच्या बुंध्यावर, आणि शेपटीच्या पंखावर रेघा नसतात. शेपटीच्या वरच्या-खालच्या पाकळीवर लांबट काळी रेघ असेल, कात्री उघडल्यासारखी, तर ती अबुडेफडफ सेक्सफॅसिएटस ही वेगळी जात. पट्टे सहा-सात, अधिक बारीक आणि शेपटीची टोकं गोलसर असतील तर अबुडेफडफ बंगालेन्सिस. शेपटीच्या बुंध्यावर वरच्या बाजूला ठसठशीत काळा डाग असेल तर अबुडेफडफ सॉर्डिडस. नवशिक्यांची चूक नेहमी एकच होते: पट्टे घाईत मोजले जातात आणि शेपटीकडे कुणी पाहत नाही. पट्टे डोक्यामागून सुरू करून शेपटीपर्यंत मोजा, मग शेपूट.

दुसरी नोंद संख्येची. थवा एक-एक करून मोजता येत नाही, मासे जागा बदलतात. नजरेने दहा माशांचा गट बांधा, तो गट थव्यात किती वेळा बसतो ते पाहा. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. कॅमेरा हातात असताना हे जमत नाही, म्हणून आधीच.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची नोंद वागण्याची. थव्यातले मासे प्रवाहाकडे तोंड करून पाण्याच्या मधल्या थरात थांबलेले दिसतील, मधूनच पुढे झेप घेऊन काहीतरी टिपून परत जागेवर. हे चरणं. प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म प्राणी ते टिपत असतात. पिल्लं पाहायची असतील तर खाली नव्हे, वर पाहा: तरंगणारं शेवाळ, बोयाची दोरी, वाहत आलेली फळी यांच्या सावलीत नखाएवढे पट्टेरी सार्जंट लपलेले असतात. डाईव्हच्या शेवटी दोरीला धरून तीन मिनिटं थांबायचं असतं, ती वेळ यासाठीच वापरावी.

आता थव्याबाहेरचा मासा शोधा. एखादा सार्जंट थव्यात मिसळत नाही, कातळाच्या एकाच उभ्या बाजूसमोर पुढेमागे करतो, जवळ येणाऱ्या प्रत्येक माशावर धावून जातो आणि दर वेळी त्याच जागी परततो. त्याचा रंग बघा. पिवळी झाक गेलेली, अंग निळसर गडद, पट्टे त्या निळ्यात विरघळल्यासारखे. हा पहारेकरी नर आहे. त्याच्यामागचा खडक नीट पाहिला तर तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा, लालसर-जांभळा थर दिसतो. हीच अंडी, एकेक जेमतेम मिलिमीटरभर, हजारोंनी चिकटवलेली. नर जागा आधी तोंडाने साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते, एकाच जागी एकापेक्षा जास्त मादी घालून जातात. म्हणून एकाच थरात ताजा जांभळा आणि जुना काळपट-राखाडी असे तुकडे दिसू शकतात. काळपट भागात चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिल्लांचे डोळे. फुटायची वेळ जवळ आली आहे. अंडी फुटायला साधारण पाच दिवस लागतात, पाण्याच्या तापमानाप्रमाणे थोडे कमी-जास्त. तेवढे दिवस नर पंखांनी त्यांच्यावर पाणी खेळवत राहतो, मेलेली अंडी उचलून टाकतो आणि चोरांना हाकलतो.

थव्याचे आणि एकट्या माशाचे फोटो

सराव थव्यावर करा, पहाऱ्यावर नाही.

पाण्यात लाल रंग सर्वात आधी नाहीसा होतो; पाच मीटरलाच त्याचा मोठा भाग गेलेला असतो. इथे लक्षात ठेवायचं म्हणजे खोलीबरोबर तुमच्यापासून माशापर्यंतचं अंतरही मोजलं जातं. 4 मीटर खोलीवरचा मासा 2 मीटरवरून टिपला तर प्रकाशाने 6 मीटर पाणी कापलेलं असतं. म्हणून पाण्याखालचा पहिला नियम: जवळ जा. दिसण्याच्या अंतराच्या पाचव्या भागात. पाणी पाच मीटर दिसतंय तर फोटो एक मीटरच्या आतून. झूम करणं म्हणजे जवळ जाणं नव्हे, मधलं गढूळ पाणी तेवढंच राहतं.

पांढऱ्या पाटीवर, त्याच खोलीवर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याला पांढरा रंग कोणता ते सांगणारी सेटिंग) स्वतः लावा आणि दोन-तीन मीटर वरखाली झालात की पुन्हा लावा. कॅमेऱ्यात रॉ (नंतर रंग सुधारता येणारी मूळ फाइल) ची सोय असेल तर ती चालू ठेवा. बाजारात मिळणारं लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतं. आपल्या हिरवट पाण्यात त्याने फोटो तपकिरी होतात. लावायचंच तर मॅजेंटा (जांभळट गुलाबी), आणि तेही भरपूर ऊन असेल तेव्हाच, कारण फिल्टर बराच प्रकाश खातं.

शटर 1/200 ते 1/250 सेकंद. सार्जंट झटक्यात वळतो, 1/100 ला शेपूट हमखास पुसली जाते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) 200 ने सुरू करा, गरज पडली तर 400, फार गढूळ असेल तर 800. ज्या कॅमेऱ्यात शटर स्वतः ठरवता येत नाही, तिथे आयएसओ वाढवला की शटर आपोआप वेगवान होतं. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे 0.3 ते उणे 0.7 ठेवा. माशाची रुपेरी बाजू आरशासारखी असते. काळे पट्टे आणि गडद कातळ पाहून कॅमेरा फोटो उजळ करतो आणि खवले पांढरेफट्ट होतात. एकदा गेलेले खवले नंतर संगणकावर परत येत नाहीत, काळोखी मात्र उजळता येते.

कॅमेऱ्यातला फ्लॅश बंद. तो भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने मधल्या पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोवर पांढरा पाऊस पडल्यासारखं दिसतं. बाहेरून लावायचा फ्लॅश पुढे कधीतरी घ्याल, तेव्हा तो लांब दांड्यावर कडेला धरायला शिका. सुरुवातीला सकाळचं ऊन पाठीवर घेऊन काढलेला फोटो पुरेसा चांगला येतो.

थव्याच्या मागे पोहत जाऊ नका. तुम्ही जितके पोहाल तितके ते अंतर राखतील आणि तुमच्याकडे शेपट्यांचे फोटो जमतील. मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, म्हणून थव्याच्या थोडं पुढे आणि एका बाजूला, कातळाच्या आडोशाला थांबा. तिथे प्रवाह कमी लागतो आणि ते तोंड तुमच्याकडे करून असतात. माशाच्या उंचीला या, शक्यतो किंचित खाली. वरून काढलेल्या फोटोत मासा तळात मिसळून जातो. खालून काढला तर मागे उजळ पाणी येतं. फोकसचा एकच ठिपका निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. सार्जंटचा डोळा पहिल्या पट्ट्याजवळ असतो, फोकस पट्ट्याच्या कडेला पकडला गेला तरी बहुधा निभावतं. बर्स्ट (एका दाबात सलग फोटो) चालू ठेवून तीन-चार फोटोंचे छोटे झटके घ्या. ओळखीसाठी एक तरी फोटो पूर्ण बाजूने, पाचही पट्टे आणि उघडलेली शेपूट दिसेल असा काढाच.

आणि श्वास. शटर दाबताना हात हलू नये म्हणून श्वास रोखण्याची सवय जमिनीवरून येते. पाण्याखाली ती जीवघेणी आहे. भरलेल्या फुप्फुसांनी माणूस आपोआप वर सरकतो, आणि दाब कमी होताना कोंडलेली हवा फुगून फुप्फुसाला इजा करू शकते. हे अगदी उथळ पाण्यातही होतं. शटर दाबायची योग्य वेळ म्हणजे सावकाश उच्छ्वास चालू असताना.

पहारेकरी नराचा फोटो

इथे क्रम महत्त्वाचा, म्हणून आकडे घालून देतो.

1. नर दिसल्यावर दोन मीटरवर थांबा आणि दोन मिनिटं काहीच करू नका. तो किती दूरपर्यंत धावतो आणि परतायला किती वेळ घेतो ते पाहा.

2. आजूबाजूला कोण घुटमळतंय ते पाहा. हिरवा-निळा मून रास मासा, फुलपाखरू मासे, इतर सार्जंटसुद्धा अंड्यांवर टपलेले असतात. ते आधीच चार-पाच जमले असतील तर ही जागा सोडा.

3. सेटिंग इथेच, दूर असताना, शेजारच्या खडकावर फोटो काढून पक्की करा. जवळ गेल्यावर बटणांशी खेळायला वेळ नाही.

4. समोरून नव्हे, बाजूने, कातळाला समांतर सरका. फिन हलवू नका, श्वासाने आणि प्रवाहाने जेवढं सरकता येईल तेवढंच. एक मीटरच्या आसपास थांबा.

5. त्याचे पंख उभारले जाणं, तुमच्या दिशेने झेप, हा इशारा आहे. अर्धा मीटर मागे या. पुन्हा तसंच झालं तर तुमची जागा तीच, त्याहून जवळ नाही.

6. नर आणि अंडी एकाच चौकटीत घ्या. तो अंड्यांकडे वळून पंख हलवतो तो क्षण सर्वात चांगला. टीजी कॅमेऱ्याचा अतिजवळून टिपणारा मोड इथे वापरायचा नाही. त्यासाठी भिंग अंड्यांना टेकायला लागेल आणि नर पळून जाईल.

7. पाच मिनिटं झाली की निघा, फोटो मिळो वा न मिळो.

काय बिघडतं ते नीट समजून घ्या. नर तुमच्या भीतीने अंड्यांवरून हटला की टपलेले मासे लगेच तुटून पडतात. मिनिटभरात थराचा मोठा लचका जातो. तुमच्या फोटोत ते दिसणार नाही, कारण तुम्ही नराच्या मागे कॅमेरा फिरवत असाल. म्हणून जोडीदाराला आधीच सांगून ठेवा: तू अंड्यांकडे बघ, कुणी खायला आलं की सिलिंडरवर दोनदा टकटक कर. टकटक ऐकू आली की थेट मागे.

जोडीदाराचं काम एवढंच नाही. फोटो काढणाऱ्याला वेळेचं भान राहत नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी एकमेकांना हवेचा आकडा दाखवायचा. 100 बारला परतीची दिशा, 50 बार असताना बोटीजवळ. हात टेकायची वेळ आलीच तर उघड्या, रिकाम्या खडकावर एक बोट, तेही नीट पाहून. इथल्या कातळांवर समुद्री साळिंदराचे काटे आणि धारदार कालवं असतात. खडकासारखाच दिसणारा विषारी काट्यांचा मासाही बसलेला असू शकतो. तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे कातळाला अडकलेले असतात, म्हणून छोटी कात्री किंवा दोरी कापायचा कटर जवळ हवा. वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि पृष्ठभागावर येण्याआधी खुणेचा फुगा वर सोडा. या भागात मासेमारीच्या आणि पर्यटकांच्या बोटींची वर्दळ सतत असते.

वर आल्यावर

हाउसिंग बोटीवर उघडू नका. गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि मधूनमधून प्रत्येक बटण दाबा, म्हणजे बटणांखालचं खारं पाणी निघतं. मीठ वाळलं की ते स्फटिक पुढच्या डाईव्हला ओ-रिंगवर ओरखडे पाडतात. कोरडं पुसून, तोंड खाली करून उघडा, म्हणजे कडेचे थेंब आत न पडता बाहेर पडतील.

त्याच संध्याकाळी पाटीवरच्या नोंदी वहीत उतरवा: तारीख, वेळ, जागा, खोली, तिथी, किती मीटर दिसत होतं, किती मासे, काय करत होते, अंडी होती का आणि कोणत्या रंगाची. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवले तर जात तपासायला जाणकारांची मदत मिळते आणि तुमची नोंद इतरांच्या उपयोगी पडते. त्यासाठी कॅमेऱ्याचं घड्याळ आधीच बरोबर लावलेलं असावं. अंड्यांच्या जागेचा नेमका पत्ता मात्र जाहीर करू नका.

परतीचा प्रवासही डाईव्हचाच भाग समजा. शरीरात उरलेला नायट्रोजन उंचावरच्या कमी दाबात धोक्याचा ठरू शकतो, म्हणून विमान असेल तर एका डाईव्हनंतर किमान 12 तास, एकापेक्षा जास्त डाईव्ह झाल्या असतील तर किमान 18 तास थांबायचं. चिपीचं विमानतळ मालवणच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे सकाळी डाईव्ह आणि दुपारी विमान असा बेत आखायचा मोह होतो, तो टाळा. रस्त्याने जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. डायव्हिंगच्या हिशेबात 300 मीटरच्या वरची जागा उंचावरची धरतात, आणि आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याला परतायचं असेल तर डाईव्ह पहिल्या दिवशी सकाळी ठेवा, रात्री किनाऱ्यावर मुक्काम करा आणि घाट दुसऱ्या दिवशी चढा. मुक्कामाची ती सकाळ मोकळी मिळतेच. भांगाची भरती असेल तर नुसता मास्क आणि स्नॉर्कल लावून किनाऱ्याजवळच्या दोरीखाली सार्जंटची पिल्लं शोधायला ती चांगली.